पत्रीवाल्याची विद्या

सारंगखेड्याच्या घोडेबाजारात गिऱ्हाईक आधी दात पाहतं, मग चाल. नालबंद थेट पाय उचलतो. शहाद्याच्या जनावरांच्या दवाखान्यात नोकरीला असताना दत्तजयंतीच्या यात्रेत मी नालबंदांजवळ उभा राहायचो. खुराचा जिवंत भाग कुठे सुरू होतो, हे पुस्तकातून कळलं होतं. खिळा बाहेर वळतोय की आत घुसतोय, हे हातोडीच्या आवाजावरून ओळखायला मात्र त्यांनीच शिकवलं.

खानदेशात घोडे थोडे, बैल फार. काळ्या मातीत बैलाला पत्रीची, म्हणजे खुराखाली ठोकायच्या लोखंडी नालेची, गरज नव्हती. धुळे, सोनगीर, शिरपूरवरून जाणाऱ्या मुंबई-आग्रा रस्त्याच्या खडीवर कापसाच्या गाड्या धावू लागल्या, खुरं झिजू लागली आणि पत्री मारणाऱ्याला काम मिळालं. बैलाचं खूर दुभंगलेलं, म्हणून पायाला दोन, अशा आठ पत्र्या. खिळे फक्त बाहेरच्या कडेला, कारण आतली भिंत पातळ. दोर टाकून बैल आडवा पाडायचा, पाय बांधायचे आणि हात भराभर चालवायचा. फार वेळ आडवा राहिला तर त्याचं पोट फुगतं. यातलं कुठेच काही लिहिलेलं नसायचं. मुलगा आधी बापाजवळ पाय धरून बसायचा, हातोडी पुष्कळ उशिरा मिळायची.

शिकलेली पशुवैद्यकी घोड्याच्या मागून आली. १७६१ साली लियाँत पहिली शाळा काढणारे क्लोद बूर्जला मुळात घोडेस्वारी शिकवणारे. परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ मध्ये सुरू झालं, जे. एच. स्टील पहिले प्राचार्य; तेव्हा मुंबईत ट्रामही घोडेच ओढत होते. डॉक्टर आणि पत्रीवाला एकाच खुरावर वाकत असूनही एकमेकांकडून शिकले नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. लंगडणारा बैल आधी पत्रीवाल्याकडे जायचा. आत पू झाल्यावर आमच्याकडे यायचा.

आता गाड्या ट्रॅक्टरने ओढल्या जातात, पत्रीवाले कमी झाले. पण सिमेंटच्या गोठ्यात बांधलेल्या संकरित गाईंची खुरं वेडीवाकडी वाढतात, गाय पाय आखडते, दूध घटतं. त्यांना वर्षातून दोनदा खुरसाळणी हवी. पशुधन पर्यवेक्षकांच्या प्रशिक्षणात पत्रीवाल्याला मानधन देऊन शिकवायला बसवावं आणि त्याच्या मुलाला डॉक्टरांनी खुराची रचना, जखमेची स्वच्छता शिकवावी. ज्यांच्या हातात ही विद्या आहे ती माणसं अजून बाजारात भेटतात, तोवरच हे जमेल.