डोळा, खुबा आणि कोन

खुब्याच्या सांध्याला उखळीचा सांधा म्हणतात. मांडीच्या हाडाचें गोल डोकें कमरेच्या हाडांतील वाटींत बसतें व पुढें, मागें, बाजूला, तसेंच स्वत:भोंवतीं फिरूं शकतें. डोळ्याचा गोलही खोबणींत बराचसा असाच फिरतो. तेथें मात्र हाडाला हाड भिडलेलें नसून भोंवतीं चरबीची गादी असते आणि सहा स्नायू त्याला वळवितात.

अशा गोलाची दिशा सांगावी कशी? प्रश्न वरवर पोरकट वाटतो. ‘३० अंश उजवीकडे आणि ३० अंश वर’ असें म्हटलें कीं काम झालें, असें कोणालाही वाटेल. या समजुतींतील खोट डोळ्याच्या अभ्यासकांना एकोणिसाव्या शतकांतच उमगली. खुब्याच्या शस्त्रक्रियेंत ती स्पष्ट शब्दांत मांडली जावयास सुमारें एकशें चाळीस वर्षें जावीं लागलीं.

युट्रेक्ट येथील डोंडर्स यांनीं १८४८ च्या सुमारास दाखविलें कीं, दृष्टि कोणत्याही वाटेनें एखाद्या बिंदूवर आली तरी तेथें डोळ्याला पडणारा पीळ ठरलेलाच असतो. तो पीळ किती, याचा नियम गटिंगेनचे लिस्टिंग यांच्या नांवानें ओळखला जातो. परीक्षेची युक्ति मोठी गंमतीची होती. रंगीत फितीकडे टक लावून पाहावें, मग रेघा आंखलेल्या भिंतीवर नजर टाकावी. फितीची जी छाया डोळ्यापुढें तरळते तिचा तिरपेपणा मोजावा. पण तिरपेपणा कोणाच्या मानानें? आडॉल्फ फिक यांनीं १८५४ सालीं पत्करलेल्या रीतींत डोळा आधीं बाजूला वळवितात, मग वर उचलतात. हेल्महोल्ट्झ यांच्या रीतींत आधीं वर, मग बाजूला. पहिल्या रीतीनें जी नजर ३० अंश बाजूला व ३० अंश वर आहे, तीच दुसरीनें सुमारें २६ अंश बाजूला व ३४ अंश वर भरते. इतकेंच नव्हे, तर तिरकस नजरेंत डोळ्याचा पीळ एका रीतीनें डावीकडे तर दुसरीनें उजवीकडे दिसतो. डोळा एकच, फरक मोजणाराच्या क्रमाचा.

आतां खुब्याकडे वळावें. नोव्हेंबर १९६२ मध्यें इंग्लंडांतील रायटिंग्टन येथें जॉन चार्नली यांनीं झिजलेल्या वाटीच्या जागीं कठीण पॉलिथिनची वाटी बसविण्यास आरंभ केला, आणि वेदनांनीं खिळलेलीं माणसें चालूं लागलीं. परंतु वाटी वेडीवांकडी बसली तर खुर्चीवरून उठतांना सांधा एकाएकीं निखळतो, आणि ती यातना भोगणाराच जाणे. १९७८ सालीं अमेरिकेंत लेविनेक व त्यांचे सहकारी यांनीं ३०० सांध्यांचा आढावा घेतला. क्ष-किरणांच्या चित्रांवरून त्यांनीं ठरविलें कीं, वाटीचा कल ३० ते ५० अंश आणि पुढचा झोंक ५ ते २५ अंश असावा. या मर्यादेंत निखळण्याचें प्रमाण शेंकडा १·५ होतें, बाहेर ६·१. हे आकडे जगभर पाठ झाले.

मग १९९३ सालीं इंग्लंडमधील मरे यांनीं एक साधा प्रश्न विचारला : हे कोन पाहिले कोठून? शरीररचनेचा अभ्यासक झोंक पाहतो तो डोक्याच्या बाजूनें, वरून. क्ष-किरणांचें चित्र समोरून घेतलेलें असतें. शस्त्रवैद्यापुढें रोगी बहुधा कुशीवर निजलेला, म्हणून त्याला वाटी बाजूनें दिसते. चित्रावर कल ४० व झोंक १५ अंश असलेली वाटी घ्यावी. तिचाच झोंक शस्त्रवैद्याच्या मापानें १९ अंश, तर अभ्यासकाच्या मापानें जवळजवळ २३ अंश होतो. ग्रंथांतला १५ चा आकडा मनांत धरून टेबलापाशीं तेवढाच झोंक दिला, तर चित्रावर तो १२ अंशच उतरतो. चार अंशांनीं एखादा सांधा निखळेलच असें नाहीं. पण एकाचें माप दुसऱ्याच्या मापाशीं नकळत जुळवून काढलेल्या निष्कर्षांवर किती भरंवसा ठेवावा?

शिवाय मोजण्याचा आधार स्वत:च हलतो. नेत्रतज्ज्ञ रोग्याचें डोकें घट्ट धरून ठेवूं शकतो. कमरेचें हाड मात्र उभें राहतांना एका तऱ्हेनें असतें आणि बसतांना मागें कलतें, व त्याबरोबर वाटीही अधिक पुढें उघडते. २०१६ सालीं मेयो क्लिनिकच्या वैद्यांनीं ९,७८४ सांध्यांची नोंद तपासली. त्यांपैकीं २०६ निखळले होते, आणि त्यांतील १२० सांध्यांच्या वाट्या लेविनेक यांच्या मर्यादेंतच बसविलेल्या होत्या. तेव्हांपासून निजलेल्या रोग्याच्या एका चित्रावरील विश्वास पुष्कळ उणावला. कित्येक ठिकाणीं आतां शस्त्रक्रियेपूर्वीं रोग्याला उभें करून एकदां व खुर्चीवर बसवून एकदां, अशीं बाजूचीं दोन चित्रें घेतात, आणि मगच वाटीचा कोन ठरवितात.