मंत्री, माधव कृष्णाजी

(१ सप्टेंबर १९२१–२३ मे २०१४). भारतीय क्रिकेटपटू व क्रिकेट-संघटक. जन्म नासिक येथे. यष्टिरक्षक व सलामीचे फलंदाज म्हणून त्यांनी मुंबईच्या क्रिकेटमध्ये नाव मिळविले. तथापि त्यांचे खरे कार्य खेळाडू, क्लबचे मार्गदर्शक व प्रशासक या तीन भूमिकांच्या सातत्यात आढळते.

मंत्री यांच्या फलंदाजीचा उच्चांक रणजी करंडक स्पर्धेतील मुंबई-महाराष्ट्र सामन्यात गाठला गेला. मार्च १९४९ मध्ये पुणे येथे झालेल्या या उपांत्य सामन्यात दोन्ही संघांनी मिळून २,३७६ धावा काढल्या. त्यांपैकी मंत्री यांनी मुंबईच्या पहिल्या डावात २०० धावा केल्या. पुढे त्यांनी मुंबईचे कर्णधारपदही भूषविले. असोसिएटेड सिमेंट कंपनीच्या संघाचे नेतृत्वही त्यांच्याकडे होते.

कसोटी क्रिकेटमध्ये मात्र त्यांना अवघे चार सामने मिळाले. पहिला सामना इंग्लंडविरुद्ध मुंबई येथे डिसेंबर १९५१ मध्ये व अखेरचा पाकिस्तानविरुद्ध १९५५ मध्ये ते खेळले. १९५२ च्या इंग्लंड दौऱ्यात लीड्स येथे दुसऱ्या डावात भारताचे पहिले चार फलंदाज एकही धाव फलकावर लागण्यापूर्वी बाद झाले. ट्रूमनने त्रिफळा उडविलेले मंत्री हे त्या चौघांपैकी एक होत.

मंत्री यांच्या कारकीर्दीचा मूलाधार दादर युनियन हा माटुंग्याचा क्लब होय. त्याचे ते दीर्घकाळ कर्णधार होते. वक्तशीरपणा, स्वच्छ गणवेश व मैदानावरील संयम यांबद्दल या क्लबची ख्याती होती आणि ती जोपासण्यात मंत्री यांचा वाटा मोठा होता. १९५८-५९ ते १९७२-७३ या काळात मुंबईने सलग पंधरा वेळा रणजी करंडक जिंकला. या वर्चस्वामागे क्लबांतील चुरशीच्या सामन्यांची पूर्वतयारी होती. सुनील गावसकर व दिलीप वेंगसरकर हे दोघेही दादर युनियनकडून खेळले.

गावसकर हे मंत्री यांचे भाचे. बालपणी मामांच्या कपाटातील भारतीय संघाचा स्वेटर मिळावा, अशी इच्छा त्यांनी व्यक्त केली असता, तो वारशाने मिळत नसून घाम गाळून मिळवावा लागतो, असे मंत्री यांनी त्यांना बजावले. ही आठवण गावसकरांनी सांगितलेली आहे. नातेसंबंध व निवड यांत अंतर राखण्याची ही वृत्ती मंत्री यांच्या प्रशासकीय कार्याच्या आकलनासही उपयुक्त ठरते.

निवृत्तीनंतर १९६४ ते १९६८ या काळात ते राष्ट्रीय निवड समितीचे सदस्य होते. १९९० च्या इंग्लंड दौऱ्यात भारतीय संघाचे प्रशासकीय व्यवस्थापन त्यांच्याकडे होते. १९९०–९२ मध्ये ते मुंबई क्रिकेट असोसिएशनचे अध्यक्ष व भारतीय क्रिकेट नियामक मंडळाचे कोषाध्यक्ष होते. असोसिएशनच्या अध्यक्षपदावर यापूर्वी शेषराव वानखेडे व यानंतर मनोहर जोशी हे राजकीय नेते होते. त्या दोघांच्या कारकीर्दींच्या दरम्यान एक कसोटीपटू त्या पदावर आला, ही गोष्ट उल्लेखनीय आहे. वानखेडे यांच्या कारकीर्दीत मुंबईला स्वतःचे क्रीडागार लाभले. मंत्री यांची परंपरा मात्र वास्तूची नसून आचाराची होती.

निधनसमयी ते भारताचे सर्वांत वयोवृद्ध हयात कसोटीपटू होते. चार कसोटी सामन्यांच्या नोंदीवरून त्यांच्या कार्याचे मोजमाप करता येत नाही. खेळाडू घडविणाऱ्या क्लबच्या शिस्तीतच ते अधिक अचूकपणे दिसते.