फ्रेम करायला गेल्यावर फोटो ‘फाटतो’ का? मोबाइलमधले फोटो जपायचे कसे?

गेल्या वर्षी हातकणंगल्यातल्या एका फोटो स्टुडिओत मी तासभर बसून होते. आजीचा बारावा दोन दिवसांवर आला होता आणि फ्रेमसाठी फोटो हवा होता. फोटो सापडला, तोही छान. कुणाच्यातरी लग्नात काढलेला, पदर सावरत हसणाऱ्या आजीचा. स्टुडिओवाल्या काकांनी तो कॉम्प्युटरवर मोठा केला आणि विचारलं, “ओरिजिनल हाय काय? ह्यो व्हॉट्सअ‍ॅपचा हाय. बारा बाय अठराला फाटतोय.”

ओरिजिनल नव्हता. ज्या चुलतभावानं फोटो काढला होता, त्यानं मधल्या काळात मोबाइल बदलला होता. जुना मोबाइल एक्स्चेंजमध्ये गेला आणि फोटो फॅमिली ग्रुपवर तेवढा उरला. घरात पाच मोबाइल आणि त्यात हजारो फोटो, पण भिंतीवर लावता येईल असा आजीचा एकही नाही.

‘फाटतो’ म्हणजे नेमकं काय होतं?

साध्या १२ मेगापिक्सेलच्या मोबाइल कॅमेऱ्याचा फोटो ४००० बाय ३००० ठिपक्यांचा, म्हणजे पिक्सेलचा असतो. तोच व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला की लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलवर येते. मोबाइलच्या स्क्रीनवर फरक कळत नाही, कागदावर कळतो. चांगल्या प्रिंटसाठी एका इंचात ३०० पिक्सेल धरतात, मोठ्या फ्रेमला १५० असले तरी चालतं. कारण ती आपण लांबून बघतो. आता हिशोब करा. १६०० पिक्सेल १८ इंचांवर पसरले की इंचाला जेमतेम ८९ येतात. म्हणून कडा धूसर होतात आणि चेहऱ्यावर चौकोन दिसायला लागतात. मूळ फोटो असता, तर इंचाला २२२ मिळाले असते.

२०२३ पासून व्हॉट्सअ‍ॅपवर ‘एचडी’चा पर्याय आहे. तो बरा आहे, पण त्यातही फोटो दाबला जातोच. मूळ फाइल जशीच्या तशी पाठवायची असेल, तर अ‍ॅटॅचमेंटच्या खुणेवर जाऊन ‘डॉक्युमेंट’ निवडा आणि तिथून फोटो पाठवा. ही एक सवय घरातल्या सगळ्यांना लावली, तरी निम्मं काम झालं.

आणि ते एआयवाले ‘फोटो क्लिअर करा’ अ‍ॅप? भावानं तेही करून पाहिलं. ही अ‍ॅप्स हरवलेले पिक्सेल परत आणत नाहीत, तिथे काय असेल याचा अंदाज बांधून नवे रंगवतात. आजीच्या सुरकुत्या गेल्या, दात एकसारखे झाले. आईनं बघितलं आणि म्हणाली, “ही कोण?” शेवटी आम्ही पाच बाय सातची छोटी फ्रेम केली.

फोटोसोबत तारीखही जाते

मोबाइलच्या प्रत्येक मूळ फोटोत काही माहिती आपोआप नोंदलेली असते. कधी काढला, कोणत्या कॅमेऱ्यानं काढला, आणि लोकेशन सुरू असेल तर कुठे काढला, हेही. या नोंदीला ‘एक्सिफ’ म्हणतात. व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीच्या पद्धतीनं पाठवताना ही नोंद निघून जाते. म्हणून २०१६ मधला लग्नाचा फोटो आज कुणी ग्रुपवर टाकला की तुमच्या गॅलरीत तो आजच्या तारखेखाली बसतो. अँड्रॉइडवर व्हॉट्सअ‍ॅपच्या फोटोच्या नावात ‘डब्ल्यूए’ अक्षरं आणि एक तारीख दिसते, पण ती फोटो काढल्याची नसते.

उलट बाजूही लक्षात घ्या. ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवलेल्या फोटोत घराचं लोकेशनही जातं. लहान मुलांचे फोटो अनोळखी ग्रुपवर असे पाठवू नका.

मूळ फाइलचं महत्त्व नुकसानीच्या फोटोंनाही आहे. पंचनामा तलाठी करतात, पण पुढे वाद झाला तर तुमचा फोटो पुरावा म्हणून लागू शकतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार डिजिटल पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं. तेव्हा दहा ग्रुप फिरून आलेल्या कॉपीपेक्षा, ज्या मोबाइलनं फोटो काढला त्यातली फाइल केव्हाही भक्कम.

पण गूगल फोटोजवर आहेत की!

असतील. पण दोन गोष्टी तपासा. पहिली, जागा. १ जून २०२१ पासून फोटो १५ जीबीच्या मोफत जागेत मोजले जातात, आणि त्याच जागेत जीमेल आणि ड्राइव्हही असतं. ती भरली की बॅकअप थांबतो. वर एक छोटी सूचना येते, ती आपण सरकवून टाकतो आणि पुढचं वर्षभर सगळं सेव्ह होतंय अशा समजात राहतो.

दुसरी गोष्ट जास्त घात करते. गूगल फोटोजमध्ये उघडून फोटो डिलीट केला की तो मोबाइल आणि क्लाउड दोन्हीकडून जातो. मोबाइलमध्ये जागा करायची असेल, तर ‘फ्री अप स्पेस’ वापरा, त्यानं फक्त मोबाइलमधली कॉपी जाते. चुकून उडवलाच, तर बॅकअप झालेला फोटो ६० दिवस ट्रॅशमध्ये असतो. आत्ता वाचताना कुणाला काही आठवलं असेल, तर आधी तिथे बघून या.

दुसरी कॉपी नदीपासून लांब

जगभरातले फोटोग्राफर ‘तीन-दोन-एक’ असा नियम सांगतात. फोटोच्या तीन कॉपी, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यातली एक दुसऱ्या ठिकाणी. आपल्याकडे यातला ‘दुसऱ्या ठिकाणी’ हा भाग सगळ्यात महत्त्वाचा. हातकणंगले तालुक्याच्या उत्तरेला वारणा आहे, दक्षिण भागातून पंचगंगा जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ५५ फुटांच्या वर गेली, तिथली धोक्याची पातळी ४३ फूट आहे. जुलै २०२१ मध्ये पुन्हा महापूर आला. नदीकाठच्या घरात लग्नाचा अल्बम, त्याची डीव्हीडी आणि पेन ड्राइव्ह एकाच तिजोरीत असतील, तर त्या तीन कॉपी नाहीत, एकच आहे. पेन ड्राइव्ह पुण्याच्या बहिणीकडे द्या. वर्षातून एकदा, गणपतीला ती आली की तपासा आणि नवे फोटो भरा. पेन ड्राइव्ह नुसता पडून राहिला तरी खराब होऊ शकतो.

जुने कागदी अल्बम असतील, तर पावसाळ्याआधी मोबाइलनं कॉपी करून ठेवा. फोटो काचेतून बाहेर काढा, खिडकीजवळ सपाट ठेवा, फ्लॅश बंद करा आणि मोबाइल अगदी वरून सरळ धरा. अल्बम भिजलाच, तर चिकटलेले फोटो ओढून सोडवू नका. स्वच्छ गार पाण्यात ठेवून हळूहळू सुटू द्या आणि चेहऱ्याची बाजू वर करून सावलीत वाळवा. दोन दिवसांत सगळे वाळवणं जमणार नसेल, तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवा आणि सवडीनं काढा.

हे करताना मोठ्या माणसांना शेजारी बसवा. आमच्याकडे १९७० च्या आसपासचा एक ग्रुप फोटो आहे, उसाच्या फडासमोर उभे असलेले अकरा जण. त्यातल्या चौघांची नावं फक्त आजीला माहीत होती. गूगल फोटोजमध्ये फोटो उघडून वर सरकवलं की वर्णन लिहायची जागा येते. कोण, कुठे, कुणाच्या लग्नात, एवढं मराठीतच लिहा. नाव शोधलं की तो फोटो परत सापडतो.