मुंबईचा लोकोपयोगी खर्च आणि नागरी सत्तेची घडण (१८५८–१८९८)

नगरपालिकेची अंदाजपत्रके हा इतिहासाच्या अभ्यासात बहुधा उपेक्षित राहिलेला विषय आहे. राजकीय चळवळी, सभा, ठराव आणि पुढारी यांच्याकडे अभ्यासकाचे लक्ष सहज जाते. पाण्याचे नळ, गटारे, रस्ते, दिवे आणि मंडया यांच्या हिशेबाकडे ते क्वचितच वळते. तथापि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील मुंबईपुरते बोलावयाचे, तर लोकनियुक्त प्रतिनिधित्वाची पहिली मोठी मागणी याच हिशेबातून उद्भवली. खर्च कोणी मंजूर करावयाचा, त्याचा भार कोणी वाहावयाचा आणि त्यापासून होणारा लाभ कोणाच्या पदरी पडावयाचा, हे तीन प्रश्न या काळात एकमेकांत गुंतलेले होते. त्यांपैकी पहिल्याचे उत्तर १८७२ साली बऱ्याच अंशी मिळाले. उरलेल्या दोहोंचे उत्तर मिळाले नाही, आणि त्याची किंमत शहराला शतकाच्या अखेरीस मोजावी लागली.

१. दानधर्माकडून करांकडे

जुन्या मुंबईतील सार्वजनिक सोयी मोठ्या प्रमाणात श्रीमंतांच्या दानावर उभ्या होत्या. शहराचे पाणी विहिरींतून व तलावांतून येई; आणि धोबीतलावाजवळच्या फ्रामजी कावसजींच्या तलावाप्रमाणे त्यांतील कित्येकांशी धनिकांची नावे निगडित होती. १८४५ मध्ये सुरू झालेले जमशेटजी जिजीभाई रुग्णालय हेही सरकार आणि दाता यांच्या संयुक्त खर्चाचे फळ होते. या व्यवस्थेत देणाऱ्याचे नाव होई, घेणाऱ्याची सोय होई आणि हिशेब विचारण्याचा प्रसंग सहसा येत नसे.

१८५४ च्या पाणीटंचाईने या व्यवस्थेची मर्यादा उघड केली. त्यानंतर साष्टी बेटावरील विहार येथे मिठी नदीला बांध घालून तलाव निर्माण करण्याचे काम सरकारने हाती घेतले. हेन्री कॉनिबेअर या अभियंत्याच्या योजनेनुसार १८५६ मध्ये सुरू झालेले हे काम पूर्ण होऊन १८६० मध्ये विहारचे पाणी नळाने शहरात पोहोचले. काम सरकारने केले, मात्र त्याच्या कर्जाचा बोजा नगरपालिकेच्या निधीवर आला. दानाच्या जागी कर्ज आले, आणि कर्जामागोमाग कर येणे अपरिहार्य होते. दात्याकडे कोणी हिशेब मागत नाही; कर वसूल करणाऱ्याकडे मात्र आज ना उद्या तो मागितला जातोच. मुंबईच्या नागरी राजकारणाचे मूळ या साध्या फरकात आहे.

२. तेजी, मंदी आणि क्रॉफर्ड

१८५८ च्या कायद्याने शहराचा कारभार तीन कमिशनरांच्या मंडळाकडे होता. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१–१८६५) मुंबईच्या कापसाला अपूर्व भाव आला आणि शहरात सुमारे आठ कोटी पौंडांची भर पडली, असा अंदाज पुढे रूढ झाला. बॅक बे भरून काढण्यासाठी कंपनी निघाली, बँका व शेअर यांचा सुळसुळाट झाला आणि गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या अमदानीत किल्ल्याचे तट पाडून नव्या शहराची आखणी झाली. या भरभराटीस अनुरूप असा नवा म्युनिसिपल कायदा १८६५ मध्ये करण्यात आला. जस्टिस ऑफ द पीस या सरकारनियुक्त प्रतिष्ठितांचे मंडळ हीच नगरपालिका ठरली आणि सर्व कार्यकारी अधिकार एका म्युनिसिपल कमिशनराच्या हाती देण्यात आले. त्या जागेवर आर्थर क्रॉफर्ड यांची नेमणूक झाली.

काळाची विसंगती येथेच होती. अमेरिकेतील युद्ध १८६५ च्या वसंतात संपले, आणि १ जुलै १८६५ हा वायद्याच्या सौद्यांच्या फेडीचा दिवस मुंबईच्या व्यापारी जगतावर वज्राघातासारखा कोसळला. पेढ्या बुडाल्या, जमिनीचे भाव उतरले. क्रॉफर्ड यांनी कारभार हाती घेतला तो याच महिन्यात. तेजीत कल्पिलेले शहर त्यांना मंदीत बांधावयाचे होते. शिरगणतीचे आकडे या संदर्भात बोलके आहेत. १८६४ साली शहराची लोकसंख्या ८,१६,५६२ मोजली गेली होती. १८७२ मध्ये ती ६,४४,४०५ वर आली. खर्चाची योजना एका शहराच्या मापाने झाली होती, आणि तिचे हप्ते मात्र त्याहून पुष्कळच लहान झालेल्या शहराला फेडावे लागले.

असे असूनही क्रॉफर्ड यांनी हात आखडला नाही. आरोग्याधिकारी डॉ. ह्यूलेट यांच्या साहाय्याने शहराच्या साफसफाईची घडी त्यांनी बसविली. रस्ते रुंद केले. गॅसचे दिवे १८६५ पासून रस्त्यांवर लागू लागले. कत्तलखाने शहराबाहेर वांद्र्यास नेण्यात आले. मांस, मासळी, फळे व भाजी यांचा विस्कळीत व अस्वच्छ बाजार एका छपराखाली आणणारी मोठी मंडई १८६९ मध्ये उभी राहिली. विल्यम इमर्सन यांनी तिचा आराखडा केला, आणि तिच्या दर्शनी भागावरील शिल्पे जॉन लॉकवुड किपलिंग यांची आहेत.

मंडईचे उदाहरण अर्थदृष्ट्या महत्त्वाचे आहे. नगरपालिकेचा खर्च दोन प्रकारचा असतो. मंडईसारख्या कामातून गाळ्यांच्या भाड्याच्या रूपाने उत्पन्न परत येते, व्यापाराला एक ठिकाण मिळते आणि मालाची तपासणीही सुलभ होते. गटारांतून असे प्रत्यक्ष उत्पन्न काहीच येत नाही. त्यांचा लाभ न झालेल्या आजारांच्या व न झालेल्या मृत्यूंच्या रूपाने मिळतो, आणि अशी बाब जमाखर्चाच्या वहीत नोंदली जात नाही. म्हणूनच मंडई लवकर उभी राहिली आणि मलनिस्सारणाच्या योजना मात्र वर्षानुवर्षे अहवालांत व वादांत अडकून पडल्या.

३. करदात्यांचा उठाव

उत्पन्नाची साधने मर्यादित होती. घरपट्टी, नगरजकात, गाड्या व घोडे यांवरील चाकपट्टी, दिवाबत्तीचा कर आणि मैला वाहून नेण्यासाठी बसविलेली हलालखोर पट्टी यांवर सारा भार होता. यांतील नगरजकात ही अप्रत्यक्ष असल्याने गरिबांच्या शिध्यापर्यंत पोहोचे. घरपट्टी मालकाकडून घेतली जाई, परंतु भाड्याच्या रूपाने तिचा काही अंश भाडेकरूकडे सरकणे स्वाभाविक होते. शिवाय पोलिसांचा खर्चही नगरपालिकेच्या निधीतून होई, आणि पोलिसांवर तिची सत्ता मात्र नव्हती. हा प्रश्न १९०७ पर्यंत लोंबकळत राहिला.

१८७० च्या सुमारास असंतोष विकोपाला गेला. मंजुरीवाचून आणि अंदाजापलीकडे खर्च झाल्याचे आक्षेप जस्टिसांच्या सभेत जेम्स फोर्ब्स यांनी लावून धरले. शहरात नौरोजी फर्दुनजींसारख्यांनी करदात्यांची बाजू मांडली. १८७१ मध्ये क्रॉफर्ड पदावरून गेले. येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. आक्षेप घेणाऱ्यांत घरमालकांचा भरणा मोठा होता, आणि पाणी, रस्ते व दिवे यांमुळे ज्या मालमत्तेचे मोल वाढावयाचे, तीही त्यांचीच होती. लाभ हळूहळू व अदृश्यपणे येतो, कराची मागणी मात्र ठरलेल्या दिवशी दाराशी येऊन उभी राहते. त्यामुळे लाभधारकही स्वतःला केवळ भारवाहक समजू लागतो.

या वादातील सर्वांत विचारपूर्ण भूमिका सव्वीस वर्षांच्या फिरोजशहा मेहता यांनी घेतली. १८७१ च्या नोव्हेंबरात फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये प्रतिकूल श्रोत्यांपुढे बोलताना त्यांनी क्रॉफर्ड यांच्या कामांचे समर्थन केले. कामे आवश्यक होती आणि कर्तृत्ववान अधिकारीही आवश्यक होता; दोष होता तो घटनेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. सरकारने नेमलेले जस्टिस कोणालाच जबाबदार नव्हते. करदात्यांनी निवडलेले मंडळ आणि त्याला जबाबदार असा एकच कार्यकारी अधिकारी, ही त्यांची सूचना होती. खर्चाच्या तक्रारीचे रूपांतर प्रतिनिधित्वाच्या तत्त्वात करणे, हे या भाषणाचे ऐतिहासिक महत्त्व होय.

१८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची कॉर्पोरेशन अस्तित्वात आली. ३२ सभासद करदात्यांनी, १६ जस्टिसांनी निवडावयाचे आणि १६ सरकारने नेमावयाचे होते. बारा जणांच्या टाउन कौन्सिलकडे हिशेबावरील देखरेख आली. खर्चाची मंजुरी कॉर्पोरेशनकडे व अंमलबजावणी कमिशनराकडे, ही वाटणी येथे रुजली. १८८८ च्या कायद्याने सभासदांची संख्या ७२ केली आणि ही वाटणी अधिक स्पष्ट केली. मुंबई महानगरपालिकेच्या घटनेचा पाया आजही तोच कायदा आहे.

४. मतदाराचे शहर आणि भाडेकरूचे शहर

नव्या व्यवस्थेत लोकोपयोगी खर्च थांबला नाही, उलट त्याला स्थैर्य आले. तुळशीचा तलाव १८७९ मध्ये पूर्ण झाला. ठाणे जिल्ह्यातील तानसा येथे सुमारे पावणेदोन मैल लांबीचे धरण बांधून १८९२ मध्ये तेथील पाणी शहरात आणण्यात आले. १८७४ पासून ट्राम धावू लागली, तीही खाजगी कंपनीने नगरपालिकेच्या रस्त्यांवरून चालविली. गिरण्यांची वाढ याच दशकांतील. भांडवल गिरणीमालकाचे होते. परंतु हजारो मजूर एका ठिकाणी राहू शकतील असे पाणी आणि माल वाहून नेता येईल असे रस्ते सार्वजनिक निधीने पुरविले. मुंबईच्या औद्योगिक वाढीतील हा वाटा ताळेबंदांत दिसत नसला, तरी तो गौण नव्हता.

परंतु १८७२ च्या कायद्याने मताधिकार वार्षिक पन्नास रुपये कर भरणाऱ्यांपुरता ठेवला होता. चाळीतील भाडेकरू भाड्यातून कर देई, पण मतदार नव्हता. याचा परिणाम खर्चाच्या क्रमावर झाला. पाणी सर्वांना हवे होते, म्हणून ते आले. ते वाहून नेणारी गटारे, दाट वस्तीतील हवा व उजेड आणि मजुरांची घरे या गोष्टी ज्यांना सर्वाधिक हव्या होत्या, त्यांना सभागृहात आवाज नव्हता. पाणी मुबलक आणि निचरा अपुरा, यामुळे जमीन ओली राहते, असा आक्षेप तानसाचे पाणी आल्यावर घेतला जाऊ लागला.

१८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात प्लेग प्रकटला. ओलसर जमिनीतून रोग उद्भवतो, ही तत्कालीन समजूत शास्त्राने पुढे खोटी ठरविली. रोगाचे वहन उंदरांवरील पिसवा करतात, हे सिद्ध झाले. तथापि नगररचनेवरील तो आक्षेप म्हणून खोटा ठरत नाही. गुदामे आणि माणसे एकाच अंधाऱ्या दाटीत कोंडणारे शहर उंदरांनाही सोयीचे होते. १८९८ मध्ये सरकारने सुधारणेचे काम कॉर्पोरेशनकडे न देता स्वतंत्र इंप्रूव्हमेंट ट्रस्टकडे सोपविले. त्यानेही रुंद रस्त्यांना प्राधान्य दिले, आणि आरंभीच्या वर्षांत पाडलेल्या खोल्यांच्या मानाने नव्या खोल्या कमी बांधल्या. १९३३ मध्ये ट्रस्ट कॉर्पोरेशनमध्ये विलीन झाला.

५. उपसंहार

खर्चाचा क्रम कोणाच्या गरजेवरून ठरवावा, हा प्रश्न मुंबईपुरता नव्हता. पुण्यात महात्मा जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात नगरपालिकेचे सभासद होते. नव्या मंडईवरील खर्चास त्यांचा विरोध होता. तो पैसा शिक्षणाकडे वळवावा, असे त्यांचे म्हणणे होते. ती मंडई १८८६ मध्ये लॉर्ड रे यांच्या नावाने उघडली. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने तिला फुल्यांचे नाव देण्यात आले, आणि मुंबईच्या क्रॉफर्ड मार्केटलाही स्वातंत्र्योत्तर काळात तेच नाव मिळाले. मंडई अनावश्यक होती, असे आज कोणी म्हणणार नाही. परंतु उपयुक्त कामांतही आधी कोणते, हे विचारण्याचा फुल्यांचा हक्क त्यामुळे बाधित होत नाही.

मुंबईत १९२२ च्या दुरुस्तीने दरमहा दहा रुपये भाडे देणारास मत मिळाले, आणि १९४८ ची निवडणूक प्रौढ मताधिकाराने झाली. १८७२ मध्ये सुटलेला प्रश्न, म्हणजे खर्चाला संमती कोणाची, याची कक्षा अशी पाऊणशे वर्षांनी पूर्ण झाली. विहारपासून तानसापर्यंतच्या कामांनी शहर समृद्ध केले, यात शंका नाही. मात्र नगरपालिकेच्या खर्चाने निर्माण होणारी समृद्धी आपोआप सर्वांपर्यंत झिरपत नाही. अंदाजपत्रकाच्या मेजाशी ज्याला जागा असते, त्याच्या वाट्याला ती प्रथम येते, हेच या चाळीस वर्षांच्या हिशेबाचे तात्पर्य होय.