कंपनी एकट्याची, प्रश्न जुना

केम म्हटलं की करमाळा तालुक्याबाहेरच्या माणसाला आधी कुंकू आठवतं. या कुंकवावर जीएसटी शून्य. पण केमच्याच स्टेशनातून गाडी धरून पुण्याला गेलेला एखादा संगणक अभियंता नोकरी सोडून स्वतःची कंपनी काढतो, जुन्याच मालकाला बिलं पाठवू लागतो आणि वर्षाची उलाढाल २० लाखांपुढे गेली की त्या बिलांवर १८ टक्के जीएसटी चढतो. खुर्ची तीच, साहेबही तोच. मग करखात्याने याला काय समजायचं, नोकर की धंदेवाला?

हा प्रश्न आयटीच्या फार आधीचा आहे, आणि त्याची कसोटी एका कराच्या भांडणातच घडली. इंग्लंडमध्ये तेव्हा राहत्या घरांवर कर असे. धंद्याच्या इमारतीत केवळ राखणीसाठी नोकर राहत असेल तर सूट मिळे. १८८० च्या ‘येवेन्स विरुद्ध नोक्स’ खटल्यात अशा जागेत राहणाऱ्या पगारी कारकुनाला ‘नोकर’ म्हणून दाखवलं गेलं. न्यायमूर्ती ब्रॅमवेल यांनी मोजमाप घालून दिलं: काम कोणतं एवढंच नव्हे, ते कसं करायचं हेही ज्याला धनी सांगू शकतो, तो नोकर. कारकून त्यात बसला नाही आणि सूट हुकली.

पुढे ही कसोटी कामगारांच्या दाव्यांत शिरली. आपल्याकडे तिची खरी कसरत झाली ती विडीत. सोलापुरात घरोघरी बाया विड्या वळतात आणि मजुरी हजारामागे मिळते. नागपूरच्या एका विडी कारखान्यातल्या कामगारांनी पगारी रजा मागितली, तेव्हा मालकाचं म्हणणं असं की हे उक्त्यावर काम करतात, वाटेल तेव्हा येतात-जातात, मग आमचे कामगार कसे? सर्वोच्च न्यायालयाने पाहिलं, की विड्या कारखान्यात बसूनच वळायच्या, हजेरी लागते, कमअस्सल विडी बाजूला काढली जाते. म्हणून ते कामगार ठरले. वर्षभराच्या आत महाराष्ट्रातल्याच दुसऱ्या विडी कामगाराच्या बाबतीत त्याच न्यायालयाने उलट निकाल दिला, कारण त्याच्यावर वेळेचं बंधन नव्हतं. तंबाखू तीच, पानं तीच! अखेर १९६६ मध्ये विडी कामगारांसाठी वेगळा कायदा झाला आणि घरी वळणाऱ्यालाही त्यात जागा मिळाली.

विडीवाल्याला कामगार म्हणवून घ्यायचं होतं, हे समजण्याजोगं आहे. पण हैदराबादेत चक्क एका लिमिटेड कंपनीनेच ‘आम्ही नोकर’ असा दावा केला. ‘लक्ष्मीनारायण रामगोपाल अँड सन’ ही कंपनी एका गिरणीचा कारभार पाही. जादा नफ्यावरचा कर धंद्यावर लागतो, नोकरीवर नाही, म्हणून तिला नोकर व्हायचं होतं. १९५४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो दावा फेटाळला: तुम्ही एजंट आहात आणि धंदाच करता.

म्हणजे ज्याला जे सोयीचं, ते त्याने म्हणावं. सरकारही त्याला अपवाद नाही. १९७२ पासून कंत्राटदाराच्या बिलातून कर कापला जाऊ लागला. पगारावरची कपात निराळी आणि व्यावसायिकाच्या शुल्कावरची निराळी, त्यामुळे वाद वाढत गेले. पुण्याच्या रुबी हॉल क्लिनिकमधल्या सल्लागार डॉक्टरांच्या मानधनावर पगाराप्रमाणे कर कापायला हवा होता, असं प्राप्तिकर खात्याचं म्हणणं. मुंबई उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये करारातल्या अटी तपासून ते अमान्य केलं.

इंग्लंडने मात्र कंपनीच्या पडद्यालाच हात घातला. शुक्रवारी राजीनामा देऊन सोमवारी स्वतःच्या कंपनीतर्फे त्याच टेबलावर हजर होणारे वाढले होते. ९ मार्च १९९९ च्या अर्थसंकल्पासोबत निघालेल्या पत्रकाच्या क्रमांकावरून त्या नियमाला ‘आयआर-३५’ हे नाव चिकटलं, आणि एप्रिल २०००पासून तो लागू झाला. मधली कंपनी बाजूला काढून पाहिलं तर हा माणूस नोकरच दिसतो का, एवढंच त्यात बघतात. तसा दिसला, तर त्या कमाईवर पगारासारखा कर आणि राष्ट्रीय विम्याचा हप्ता. आधी ही जोखीम कंत्राटदाराच्या कंपनीवर असे. २०१७ पासून सरकारी संस्थांत आणि २०२१ पासून मोठ्या व मध्यम खासगी कंपन्यांत काम देणाऱ्यानेच ते ठरवायचं आहे. लंडनमध्ये कंत्राटावर असणाऱ्या मराठी पोरांना हा नियम व्हिसाइतकाच पाठ असतो.

भारतात नेमका असा कायदा नाही. उलट २०१३ च्या कंपनी कायद्याने एकाच सभासदाची कंपनी काढायची वाट खुली केली. पण जोखीम दुसऱ्या दारातून येते. अंदाजे नफा दाखवून कर भरायची जी सवलत डॉक्टर, वकील, अभियंत्याला स्वतःच्या नावावर मिळते, ती कंपनीला नाही. लाभांश काढला तर २०२० पासून तो भागधारकाच्या उत्पन्नात मोजला जातो. आणि खासगी कंपनीचा थकलेला कर तिच्याकडून वसूल होईना, तर १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याचं कलम १७९ थेट संचालकाच्या घरापर्यंत येत असे. वसुली न होण्याला आपला गंभीर हलगर्जीपणा किंवा गैरवर्तन कारण नव्हतं, हे त्यानेच सिद्ध करायचं. एकट्याच्या कंपनीत बोट दाखवायला दुसरा संचालक बहुधा नसतोच.