प्लेगचा जंतू आणि तुपाचे थेंब

१८९६ साली मुंबईत मांडवीला प्लेग निघाला आणि शहर सोडून माणसं गावाकडे पळाली. वाल्डेमार हाफकिन यांनी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस केली. १० जानेवारी १८९७ ला ती आधी स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात आली. तीच आजची हाफकिन संस्था.

आम्हा गटाच्या बायकांना यातली स्वयंपाकाची बाजू जास्त आवडते. लशीसाठी आधी जंतू वाढवायचा, म्हणजे त्याला जेवू घालायचं! गाईचं, डुकराचं मांस लोकांना चालणार नव्हतं. म्हणून बोकडाचं मांस आम्लात विरघळवून त्याचं पाणी केलं, वर तुपाचे थेंब सोडले. थेंबांना धरून जंतू खाली लोंबत वाढायचे. मग ते उष्णतेने मारायचे, की लस.

मांस असं फुटलं की प्रथिनांच्या माळेतले मणी सुटतात. ही अमिनो आम्लं. त्यातली काही या जंतूला स्वतः करता येत नाहीत, आयती लागतात. मग किती घ्यायची हे ठरवतं कोण? २००६ मध्ये अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी प्लेगच्या जंतूतला ‘जीसीव्हीबी’ हा छोटा आरएनए अभ्यासला. जनुकाचा निरोप आरएनएच्या लांब चिठ्ठीवरून जातो. हा छोटा तुकडा तिला चिकटला की चिठ्ठी वाचली जात नाही, आणि प्रथिनांचे तुकडे आत आणणारा हमाल तयारच होत नाही. घर भरलेलं असताना हमाली कशाला? शास्त्रज्ञांनी हा तुकडा काढून टाकला, तर हमाल सदाचेच कामावर राहिले आणि जंतू उलट सावकाश वाढला.