रात्रीची वीज आणि दुपारची वीज

गेल्या चैत्रांत आमच्या गल्लींतील एका गृहस्थांनीं विजेवर चालणारी मोटार घेतली. पेढे वाटून झाले आणि दुसऱ्याच दिवशीं ते विजेचें बिल हातांत घेऊन माझ्याकडे आले. म्हणाले, "मास्तर, नवा मीटर बसला आहे. आतां घड्याळाप्रमाणें दर बदलणार म्हणतात. हिला वीज द्यावी तरी केव्हां? आणि ही कसली नवी टूम?" मी हिशेबाचा मास्तर नव्हें, इतिहासाचा, त्यामुळें उत्तर लांबलें. तेंच थोडें नीटनेटकें करून आज श्रोत्यांपुढें ठेवितों. टूम नवी नाहीं. ती सव्वाशें वर्षांहून जुनी आहे, आणि विजेच्या मोटारीशीं तिचा संबंधही तितकाच जुना आहे.

धान्य सुगीला स्वस्त असतें म्हणून आपण तें वर्षाचें भरून ठेवितों. विजेचें तसें सहज करतां येत नाहीं. बटण दाबलें त्या क्षणींच ती कोठें तरी निर्माण व्हावी लागते. १८८२ सालीं लंडनमध्यें आणि न्यूयॉर्कमध्यें सुरुवातीचीं वीजघरें उभीं राहिलीं, तीं दिव्यांसाठीं. दिवे लागावयाचे संध्याकाळीं आणि मालवावयाचे निजानीज झाली कीं. बाकीचा सारा दिवस यंत्रें बव्हंशीं स्वस्थ असत. पण यंत्रांसाठीं काढलेल्या कर्जाचें व्याज कांहीं स्वस्थ बसत नसे.

ह्या अडचणीचें मर्म प्रथम स्पष्टपणें मांडलें तें जॉन हॉपकिन्सन ह्या इंग्रज विद्वानानें, ४ नोव्हेंबर १८९२ रोजीं दिलेल्या एका व्याख्यानांत. त्याचें म्हणणें असें कीं, विजेचा खर्च दुहेरी आहे: एक वीज देण्याचा, आणि दुसरा ती देण्यास सदैव सज्ज राहण्याचा. आपल्याकडील लग्नघराचा दाखला घेऊं. दोनशें पानांचा आचारी आणि भांडीं सांगून ठेविलीं आणि प्रत्यक्षांत पन्नासच पानें उठलीं, तर डाळतांदूळ पन्नासांचे लागतात; आचाऱ्याची मजुरी आणि भांड्यांचें भाडें मात्र दोनशेंचेंच द्यावें लागतें. आपल्या बिलांत 'स्थिर आकार' म्हणून जी रक्कम पाहून आपण कपाळाला आठ्या घालतों, तिचें मूळ ह्या व्याख्यानांत आहे.

पुढें ब्रायटन गांवच्या आर्थर राइट ह्या अभियंत्यानें एक युक्तीचें उपकरण केलें. प्रवाह वाढला कीं कांचेच्या नळींतील हवा तापे व द्रव पुढें ढकलला जाऊन दुसऱ्या, खुणा केलेल्या नळींत सांडे. तेवढ्यावरून त्या घराची सर्वांत मोठी मागणी किती झाली हें कळे. १८९४ सालीं शिकागोच्या वीज कंपनीचा प्रमुख सॅम्युएल इन्सल ब्रायटनला आला आणि हें पाहून हरखून गेला. हा इन्सल एके काळीं एडिसनचा खासगी चिटणीस होता. राइटच्या उपकरणांत एक उणीव मात्र होती. मागणी किती झाली हें तें सांगे, केव्हां झाली हें सांगत नसे. पहाटे दोन वाजतां वीज ओढणारा आणि संध्याकाळीं सात वाजतां ओढणारा त्याच्या लेखीं सारखेच! खरें पाहतां पहिला कंपनीचा उपकारकर्ता आणि दुसरा तिच्या डोकेदुखीचें कारण.

असा उपकारकर्ता शोधतां शोधतां कंपन्यांना विजेची मोटार सांपडली. हें ऐकून पुष्कळांना नवल वाटेल, पण १९०० च्या सुमारास अमेरिकेंतील शहरांत विजेच्या मोटारी चांगल्याच रुळल्या होत्या. त्यांना हँडल मारून सुरू करावें लागत नसे आणि धूर नसे. डिट्रॉइट येथें १९०७ पासून होणारी 'डिट्रॉइट इलेक्ट्रिक' मोटार तर इतकी नांवाजली कीं, पेट्रोलच्या मोटारी घरोघर पोंचविणाऱ्या हेन्री फोर्डची पत्नी क्लारा हीच गाडी वापरीत असे. (घरांत काय बोलणें होत असेल तें होवो!) धनिकांच्या तबेल्यांत पारा भरलेल्या कांचेच्या गोळ्याचें एक यंत्र असे. रस्त्यावरील उलटसुलट प्रवाह तें एकमार्गी करी आणि तें चालूं असतां निळसर-हिरवा उजेड पडे. रात्रभर मोटार तेथें उभी राहावयाची, आणि वीजघराचीं यंत्रें जेव्हां रिकामीं, नेमकी तेव्हांच वीज घ्यावयाची. कंपन्यांना ह्याहून गोड गिऱ्हाईक कोणतें? १९१० सालीं विजेच्या मोटारींच्या प्रसारासाठीं अमेरिकेंत एक संस्था निघाली, तींत वीज कंपन्या अगत्यानें होत्या. हार्टफर्डच्या वीज कंपनीनें तर मालमोटारी बॅटरीशिवाय विकण्याची आणि बॅटरी आपण पुरविण्याची सोय केली. गिऱ्हाइकानें महिन्याचा ठराविक आकार द्यावा, शिवाय मैलागणिक पैसे. हॉपकिन्सनचेंच गणित, फक्त चाकांवर बसविलेलें.

१९१२ सालीं कॅडिलॅक मोटारीला विजेवर सुरू होणारें यंत्र बसलें, हँडल गेलें, पेट्रोल स्वस्त होत गेलें, आणि विजेची मोटार मागें पडली. रात्रीची रिकामी वीज मात्र राहिलीच. फ्रान्समध्यें मार्सेल ब्वातो ह्या अर्थशास्त्रज्ञानें १९४९ सालीं गर्दीच्या वेळेच्या किंमतीचें शास्त्र मांडलें आणि पुढें तेथील दर त्या धोरणानें बांधले गेले. ब्रिटनमध्यें १९७८ सालीं रात्रीच्या सात तासांचा स्वस्त दर आला. त्यावर लोक विटांच्या शेगड्या रात्रीं तापवीत आणि दिवसां त्यांची ऊब घेत. आपल्या महाराष्ट्रांत अकोले तालुक्यांतील घाटघरचा २५० मेगावॅटचा प्रकल्प ह्याच तत्त्वावर उभा आहे: जादा वीज असेल तेव्हां खालचें पाणी वर चढवावें, आणि गर्दीच्या वेळीं तेंच खालीं सोडून वीज करावी.

इतका इतिहास ऐकून शेजारी म्हणाले, "म्हणजे रात्रीं लावावी, एवढेंच ना?" येथेंच इतिहासानें कूस बदलली आहे. भारतांतील सौर विजेची क्षमता २०२५ च्या जानेवारीअखेर १०० गिगावॅटच्या पुढें गेली. त्यामुळें आतां वीज भरपूर असते ती भर दुपारीं. आणि सूर्य मावळला व घरोघर दिवे, पंखे, वातानुकूलन सुरू झालें कीं ओढाताण. जून २०२३ मध्यें केंद्र सरकारनें ग्राहक हक्कांच्या नियमांत दुरुस्ती केली, तीप्रमाणें नवा मीटर बसलेल्या घरगुती ग्राहकाला दिवसाच्या आठ सौर तासांत विजेचा दर निदान २० टक्के कमी आणि गर्दीच्या तासांत निदान १० टक्के जास्त असावा. नेमके तास आणि आंकडे राज्याच्या आयोगानें ठरवावयाचे. तेव्हां दरपत्रक आपल्या राज्याचें आणि चालूं वर्षाचेंच वाचावें. सवलत विजेच्या आकारावर असते, स्थिर आकारावर नसते, हेंही ध्यानीं ठेवावें.

मग आम्हीं पाटी घेतली. लहान मोटारीला शंभर किलोमीटरला सुमारें १४ युनिटें धरलीं. महिन्याला हजार किलोमीटर, म्हणजे १४० युनिटें. घरचा खप २००. बेरीज ३४०, आपल्याकडील दर पायऱ्यांचे, आणि ३०० वर पायरी चढते, म्हणजे शेवटचीं ४० युनिटें महाग पडणार. हें घड्याळापेक्षांही आधीं पाहावें, कारण पुष्कळांचें बिल तेथेंच फुगतें. आतां वेळ. घरच्या जाड पिनेच्या जोडणींतून तासाला सुमारें ३ युनिटें जातात. आठ तासांत २४. महिन्याचे चार रविवार दुपारीं लावली तरी ९६ युनिटें, म्हणजे गरजेच्या दोन-तृतीयांशाहून थोडें अधिकच, सवलतींत निघतात. उरलेलीं आठवड्याच्या मधल्या एखाद्या रात्रीं, गर्दीचे तास उलटल्यावर. संध्याकाळीं घरीं येतांच तार जोडणें तेवढें टाळावें.

ह्यांत एक अन्याय आहे, तो बोलल्यावांचून राहवत नाहीं. दुपारची सवलत घेणार कोण? ज्याची मोटार दुपारीं स्वतःच्या मीटरपाशीं उभी आहे तो. बंगल्यांतल्या निवृत्त माणसाला ती आयती मिळते. चौथ्या मजल्यावर राहून रोज कामाला जाणाऱ्याला मिळत नाहीं. इन्सलच्या काळीं तबेला ज्याचा, रात्र त्याची होती. आमच्या शेजाऱ्यांची मोटार दहा ते पांच कचेरीच्या आवारांत रणरणत्या उन्हांत उभी असते. तेथें जोडणी द्यावी म्हणून त्यांनीं अर्ज केला, त्याला तीन महिने झाले; उत्तर नाहीं. तूर्त दर रविवारीं सकाळीं नऊ वाजतां ते जिन्यांतून तार खालीं सोडतात, आणि मुलांनीं ती ओढूं नये म्हणून स्वतः वर्तमानपत्र घेऊन खालीं बसतात.